मुलांचा मध्यमेंदू झोपलेला नाही: ठाण्यातल्या शाळांना आणि सोसायट्यांना खुलं पत्र

प्रति,
नौपाडा, माजिवडा, मानपाडा, कासारवडवली आणि घोडबंदर रोड परिसरातल्या शाळांचे मुख्याध्यापक व विश्वस्त, तसेच गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मार्च संपत आला की सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुट्टीतल्या शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. पोहणं, चित्रकला, बुद्धिबळ, कथक. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच रांगेत येऊन बसलेल्या दोन प्रकारांबद्दल. एक म्हणजे ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, त्याला रंग ओळखायला, पत्ते वाचायला लावतात आणि याचा मध्यमेंदू जागा झाला असं आईवडिलांना सांगतात. दुसरा प्रकार ‘डीएमआयटी’, म्हणजे ‘डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट’. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेतात आणि तो डाव्या मेंदूचा की उजव्या, त्याच्यात कुठली बुद्धिमत्ता किती टक्के, त्याने सायन्स घ्यावं की कॉमर्स, याचा रंगीत अहवाल हातात देतात. दोन्हींची फी हजारांत असते. आणि दोन्ही प्रकार तुमच्या क्लबहाउसमध्ये, तुमच्या शाळेच्या सभागृहात होतात. म्हणून हे पत्र ते वर्ग चालवणाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मी ठाण्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. पक्षाघातानंतर वाचा गेलेली माणसं आणि बोलताना, वाचताना अडणारी मुलं माझ्याकडे येतात. मेंदूच्या कुठल्या भागाला इजा झाली की माणसाचं काय जातं आणि काय शिल्लक राहतं, हे मी रोज समोर बसून बघते. मेंदूच्या नावावर मुलांच्या बाबतीत वाटेल ते खपवलं जातं तेव्हा मला गप्प बसवत नाही.

आधी मध्यमेंदूचं बघू. मज्जारज्जू वर चढत चढत मोठ्या मेंदूला मिळतो त्या वाटेवर मस्तिष्कस्तंभ आहे. त्याचा सगळ्यात वरचा भाग म्हणजे मध्यमेंदू. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. डोळे हलवणाऱ्या नसांची केंद्रं तिथे आहेत. उजेड पडला की बाहुली आकसते ती तिथल्या जोडणीमुळे, आणि मागे काही आपटलं की मान आपोआप वळते त्यातही त्याचा वाटा आहे. तिथेच काळसर पेशींचा एक पट्टा आहे. त्या पेशी डोपामाइन तयार करतात, आणि त्या झडू लागल्या की पार्किन्सनचा आजार होतो. माणसाला जागं ठेवणारं पेशींचं जाळंही याच भागातून जातं. अपघाताचा रुग्ण आला की डॉक्टर पापणी उचलून डोळ्यावर टॉर्च मारतात ते याचसाठी. बाहुली आकसली नाही, तर मध्यमेंदूजवळ दाब पोहोचला की काय अशी शंका त्यांना येते. मध्यमेंदू खरोखर बंद पडला तर माणूस कोमात जातो. जे मूल आपल्या पायांनी जिना चढून तुमच्या हॉलमध्ये आलं, आजूबाजूला टुकूटुकू बघतंय, त्याचा मध्यमेंदू जन्मापासून चालू आहे. तो चालू करून देतो असं सांगून पैसे घेणं ही फसवणूक आहे, आणि यासाठी मला दुसरा सौम्य शब्द वापरायचा नाही.

या जाहिरातींत एक अर्धसत्य असतं, तेही सांगायला हवं. डोळ्यांकडून येणाऱ्या संदेशांचा काही भाग मध्यमेंदूकडे जातो हे खरं आहे. मेंदूच्या मागच्या बाजूचा, दृष्टीचा भाग ज्यांचा निकामी झालेला असतो अशी काही माणसं ‘मला दिसत नाही’ म्हणतात आणि तरीही समोरच्या दिव्याकडे अचूक बोट दाखवतात. शास्त्रज्ञांनी हे अनेकदा तपासलेलं आहे. पण त्या माणसांचे डोळे उघडे असतात. उजेड डोळ्याच्या पडद्यावर पडतो, तिथून नसेवाटे आत जातो, मग पुढचं सगळं. पडद्यावर उजेडच पडला नाही तर मध्यमेंदूला, मोठ्या मेंदूला, कुणालाच काही कळण्याचा मार्ग उरत नाही.

मग पट्टी बांधलेली मुलं वाचतात कशी? नाकाच्या दोन्ही बाजूंना जी फट राहते तिच्यातून. पुढच्या वेळी प्रात्यक्षिक बघायला बसाल तेव्हा पत्त्याकडे बघू नका, मुलाच्या मानेकडे बघा. मान किंचित मागे जाते, हनुवटी वर येते आणि पत्ता नाकाच्या खाली, छातीजवळ धरला जातो. आता तोच पत्ता कपाळाच्या वर धरा. किंवा मुलाच्या नाकाखाली एक पुठ्ठा आडवा धरा आणि पत्ता पुठ्ठ्याच्या खाली ठेवा. किंवा पोहण्याचा गॉगल आतून काळ्या टेपने बंद करून तो घालायला द्या. वाचन तिथेच थांबतं. मंगळूरचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी हे दावे कितीतरी वेळा जाहीरपणे तपासून उघडे पाडले आहेत. आणि साधा विचार करा, डोळ्यांशिवाय वाचायला शिकवण्याची विद्या कुणाकडे असती तर ती पहिल्यांदा अंध मुलांच्या शाळेत पोहोचली नसती का?

पैसे जातात ते जातात, पण माझं मन खातं ते वेगळ्याच गोष्टीने. आपण फटीतून बघतोय हे त्या मुलाला माहीत असतं. आठ-नऊ वर्षांचं मूल, समोर शंभर माणसं, आई मोबाइलवर व्हिडिओ काढतेय, बाबांच्या डोळ्यांत कौतुक. आता त्याने काय करायचं? खरं सांगितलं तर आईबाबांचे पैसे वाया गेले, सगळ्यांसमोर नाचक्की झाली. खोटं रेटलं तर टाळ्या. मुलाला कोंडीत आपण धरतो, आणि खोटं बोलल्याबद्दल त्याला बक्षीसही आपणच देतो. ज्या शाळेच्या भिंतीवर ‘खरे बोलावे’ लिहिलेलं असतं त्याच शाळेच्या सभागृहात हे होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता डावा आणि उजवा मेंदू. या कल्पनेची मुळं खऱ्या विज्ञानात आहेत, म्हणून ती शिकल्यासवरलेल्या घरांतही सहज शिरते. मेंदूचे दोन अर्धगोल असतात आणि त्यांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा जाड पट्टा मध्ये असतो. काही रुग्णांची अपस्माराची, म्हणजे फिट्सची, तीव्रता कमी करण्यासाठी गेल्या शतकात हा पट्टा शस्त्रक्रियेने कापला गेला. त्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी केलेल्या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांनी पुढे केलेला एक प्रयोग मी कधीही विसरू शकत नाही. अशा एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीच्या पायाचं चित्र दाखवलं आणि उजव्या मेंदूला बर्फाने भरलेलं अंगण. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. (उजवा हात डावा मेंदू चालवतो आणि डावा हात उजवा.) उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडं. फावडं का, असं विचारल्यावर उत्तर द्यायचं काम डाव्या मेंदूकडे, कारण बोलणं त्याच्याकडे. त्याने तर बर्फ पाहिलाच नव्हता. ‘माहीत नाही’ असं तो म्हणाला नाही. तो ताबडतोब म्हणाला, खुराडं साफ करायला फावडं लागतंच ना! आपलं मन कारणं कशी जुळवतं ते या एका उत्तरात दिसतं. पुढे अहवालांबद्दल बोलताना हे लक्षात ठेवा.

पण हे सगळं पट्टा कापलेल्या मेंदूंबद्दल झालं. तुमच्या शाळेतल्या मुलांचा पट्टा शाबूत आहे आणि त्यांचे दोन्ही अर्धगोल क्षणाक्षणाला एकमेकांशी बोलत असतात. बोलण्यासारखी काही कामं एका बाजूला जास्त झुकलेली असतात, हे खरं. म्हणून अख्खा माणूस डाव्या किंवा उजव्या मेंदूचा ठरत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने २०१३ साली १,०११ जणांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. त्यांत सात वर्षांच्या मुलांपासून एकोणतीस वर्षांच्या तरुणांपर्यंत सगळे होते. एका बाजूचं जाळं सरसकट प्रबळ आणि दुसऱ्या बाजूचं दुबळं, असा माणसांचा गट त्यांना सापडला नाही.

माझ्याकडे येणारे एक काका आहेत. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) बँकेतून निवृत्त झालेले. पक्षाघात डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात झाला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. मी समोर कप धरते आणि विचारते, काका, हे काय? ते कपाकडे बघतात, ओठ जुळवतात, कपाळावर घाम येतो आणि ‘क... क...’च्या पुढे गाडी सरकत नाही. कप म्हणजे काय हे त्यांना नीट कळतं. चार चित्रांतून कप दाखवा म्हटलं तर लगेच त्यावर बोट ठेवतात. तोंडून भलताच शब्द आला की चिडतात, म्हणजे चूकही कळते. आणि हेच काका, शेजारी बसलेल्या काकूंनी रोजची आरती सुरू केली की दुसऱ्या ओळीपासून त्यांच्यात सूर मिसळतात. चालीसकट, शब्द न गाळता, शेवटच्या कडव्यापर्यंत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा काकू म्हणतच राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. आरती संपली, मी पुन्हा कप धरला. पुन्हा ‘क... क...’.

पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला होता. तो माणूस वर्षानुवर्षं ‘टॅन’ एवढंच बोलू शकत होता, पण समोरच्याचं बोलणं त्याला बरंच कळत असे. इजा होती डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात. त्या भागाला आजही ब्रोकांचं नाव आहे, आणि काकांची इजाही त्याच आसपास आहे. पण तोंडपाठ ओळी, चाल, लय यांचा भार मेंदू इतर वाटांनीही वाहतो, उजव्या बाजूचाही त्यात मोठा हात असतो. सुरांच्या आधाराने शब्द परत आणण्याची थेरपी याच निरीक्षणावर उभी आहे. आम्ही आता ‘पाणी दे’ एवढेच दोन शब्द दोन सुरांत म्हणतो, आणि काका डाव्या हाताने टेबलावर ठेका धरतात. हळूहळू सूर काढून घ्यायचा आणि शब्द ठेवायचे, असं ते काम आहे. कष्टाचं, सावकाश होणारं. दोन दिवसांच्या शिबिरात मेंदू बदलून देतो असं कुणी म्हणालं की मला काकांच्या कपाळावरचा घाम दिसतो.

एक जागा बिघडली की एक काम थांबतं, यावरून ते काम त्याच जागेत ‘राहतं’ असं समजण्याची चूक फार जुनी आहे. ठाणे स्टेशनजवळ ओव्हरहेड वायर तुटली की कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या अडकून पडतात, म्हणून प्रवास ठाणे स्टेशनात राहतो असं कुणी म्हणत नाही. बोलणं, आठवण, राग, माया ही सगळी मेंदूभर पसरलेल्या जाळ्यांची कामं आहेत. सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, त्यांतल्या बहुसंख्य तर मागच्या छोट्या मेंदूत, जो वजनाने सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा. शरीराच्या वजनाच्या फक्त दोन टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो, आपण झोपलेलो असतानाही. आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, ही जाहिरातींतली लाडकी ओळ इथेच कोलमडते. इतकी ऊर्जा खाऊन नव्वद टक्के भाग नुसता बसून राहिला असता, तर त्याला इजा होऊनही काही बिघडलं नसतं. माझ्या अनुभवात मेंदूचा असा एकही कोपरा नाही ज्याच्या इजेने घरच्यांना काहीच फरक जाणवला नाही.

या विजेच्या आणि रसायनांच्या हालचालींतून ‘मला वाटतं’ हे नेमकं कसं उमटतं, या प्रश्नावर जगभरचे शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ आजही वाद घालत आहेत. माझी स्वतःची धारणा अशी झाली आहे की मन हे मेंदूचं काम आहे आणि ते काम एकट्या मेंदूकडून होत नाही. शरीर लागतं, भाषा लागते, समोर कुणीतरी लागतं. काका काकूंशिवाय आरती सुरू करू शकत नाहीत. ज्या प्रश्नासमोर एवढे मोठे लोक नम्र होतात, त्याचं उत्तर बोटांच्या रेषांत मिळतं असं सांगणाऱ्याला आपण निदान दोन प्रश्न तरी विचारायला नकोत का?

डीएमआयटीवाल्यांचा मुख्य युक्तिवाद असा असतो की गर्भात बोटांच्या रेषा आणि मेंदू एकाच काळात घडतात, म्हणून रेषा वाचल्या की मेंदू कळतो. त्याच काळात मूत्रपिंडंही घडत असतात, कानही. बोट बघून कुणी मूत्रपिंडाचा अहवाल देतं का? बोटांच्या रेषा साधारण गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापासून उमटू लागतात आणि जन्माच्या कितीतरी आधी कायमच्या ठरून जातात. मेंदूचं तसं नाही. पेशींच्या जोडण्या जन्मानंतर झपाट्याने वाढतात, न वापरलेल्या गळतात, आणि विचार करून निर्णय घेणारा कपाळामागचा भाग तर विशी उलटल्यावरही पक्का होत असतो. जे जन्माआधीच थांबलं त्यावरून, जे अजून घडतंय त्याचा अंदाज कसा बांधणार? एकसारख्या जुळ्या मुलांचेही ठसे वेगळे असतात, याचाही विचार करा. हस्तरेखांचा वैद्यकीय उपयोग अजिबात नाही असं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच बाळांच्या तळहातावर एकच आडवी रेषा असते आणि डॉक्टर तिची नोंद घेतात. पण निदान होतं ते गुणसूत्रांच्या तपासणीने. डीएमआयटीच्या नावातली ‘अनेक बुद्धिमत्तां’ची कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडली, तिच्यावरही मानसशास्त्रात भरपूर वाद आहेत. पण त्यांनी ती बोटांच्या ठशांवरून मांडली नव्हती. देशभरातल्या मनोविकारतज्ज्ञांची संघटना असलेल्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही, असं जाहीरपणे सांगितलेलं आहे.

हा प्रकार नवाही नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नामध्ये फ्रान्झ गाल नावाचे डॉक्टर कवटीवरचे उंचवटे चाचपून माणसाचे गुण सांगायचे. मनाच्या २७ शक्ती त्यांनी कवटीवर वाटून दिल्या होत्या. मेंदू हाच मनाचा अवयव आहे, हे त्यांचं म्हणणं खरं निघालं. उंचवट्यांचं शास्त्र मात्र टिकलं नाही. तेव्हा कवटी चाचपत, आता बोटं स्कॅन करतात.

आणि तरीही अहवाल वाचून आईवडील म्हणतात, अगदी बरोबर लिहिलंय हो! १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. ते किती अचूक वाटतं, याला पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी ४.२६ आली. नंतर कळलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं. ‘तुमचा मुलगा हुशार आहे पण एकाग्रता कमी पडते, कौतुक केलं की खुलतो’ हे वाक्य ठाण्यातल्या कुठल्या घराला लागू पडणार नाही? खुराडं साफ करायला फावडं लागतंच, तसं आपण अहवालाला आपल्या मुलाकडून पुरावे पुरवत राहतो.

बोटांचा आणि मेंदूचा संबंध आहे, आणि तो फार सुंदर आहे. व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये झाला होता. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूने राखलेली जागा इतरांपेक्षा मोठी निघाली, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात ती आणखी ठळक होती. ही जागा बोटांच्या रेषांनी दिली नाही, रियाजाने दिली. तुमच्या क्लबहाउसमध्ये तबल्याचा वर्ग लावा, विणकाम शिकवा, मातीची भांडी करायला लावा. मुलांच्या मेंदूत बदल होतील, आणि कुणाला डोळ्यांवर पट्टी बांधावी लागणार नाही.

मागे माझ्याकडे दहा वर्षांचा एक मुलगा आला. आईच्या हातात स्पायरल बाइंडिंग केलेला, जाड चकचकीत अहवाल. त्याच्या शाळेतच, शाळेच्या वेळेत ठसे घेतले होते. अहवालात लिहिलं होतं की मुलगा उजव्या मेंदूचा आहे, दृश्य बुद्धिमत्ता प्रबळ आहे, भाषेत त्याला फारसा रस वाटणार नाही. त्यामुळे तो वाचत नाही याची कुणी काळजीच केली नाही. मी त्याच्यापुढे एक परिच्छेद ठेवला. बी आणि डी या अक्षरांची अदलाबदल, ओळ सुटणं, पहिलं अक्षर बघून शब्दाचा अंदाज मारणं. मराठीत ‘पुस्तक’चं ‘पुतक’. तोच परिच्छेद मी वाचून दाखवला तर सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, वर एक शंकाही विचारली. पुढे रीतसर तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, आणि योग्य शिक्षक मिळाला तर मूल वाचायला शिकतं. जितक्या लवकर सुरुवात, तितकं सोपं. त्याची मधली दोन वर्षं त्या चकचकीत कागदाखाली दबून गेली. ‘मी उजव्या मेंदूचा आहे ना, मला वाचता येणार नाही,’ असं तो मला म्हणाला, अगदी शांतपणे. दहा वर्षांचं मूल स्वतःबद्दल असा निकाल देऊन बसलं होतं.

आपल्या गावाचं आणि मनाच्या आजारांचं नातं जुनं आहे. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ ही कुचेष्टा महाराष्ट्रभर चालत आली. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि मुलांच्या करिअरबद्दल मोकळेपणी बोलणारी ‘वेध’ परिषदही याच शहरातून पुढे गेली. शास्त्रीय मार्गदर्शन हवं असेल तर ते आपल्या दारात आहे. म्हणून तर बोटांच्या ठशांवर विसंबणं जास्तच खटकतं.

माझी मागणी अवघड नाही. मुलांच्या मेंदूबद्दल, बुद्धीबद्दल किंवा वर्तनाबद्दल काहीही करून देतो म्हणणाऱ्याचा अर्ज आला की आधी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांच्याकडे तो असतो. माझ्याकडेही मागा. प्रात्यक्षिक दाखवतो म्हणाले तर पुठ्ठा आणि काळा केलेला गॉगल तुम्ही आणा, आणि मुलाला त्या तपासणीत ओढू नका, वर्ग घेणाऱ्या मोठ्या माणसाने स्वतः वाचून दाखवावं. शाळांना हात जोडून विनंती, की शाळेच्या लेटरहेडवर अशा तपासण्यांची पत्रकं पालकांना पाठवू नका. शाळेचं नाव आलं की पालक शंका घेत नाहीत. शिवाय दहा बोटांचे ठसे ही मुलाची आयुष्यभराची ओळख आहे, आणि ते कुणाच्या लॅपटॉपमध्ये किती काळ राहणार हे तुम्हाला ठाऊक नसतं. मुलांची वैयक्तिक माहिती हाताळताना पालकांची पडताळता येणारी संमती हवी, असं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा सांगतो. हे झाल्याशिवाय परवानगी देणाऱ्या शाळेवरही जबाबदारी येऊ शकते, हे विश्वस्तांनी आपल्या वकिलांना विचारून घ्यावं.

आणि मेंदूसाठी हॉल द्यायचाच असेल तर एक संध्याकाळ मला द्या. घोडबंदर रोडवरून येणारे पक्षाघाताचे रुग्ण मी बघते. अनेकांच्या बाबतीत घरच्यांनी ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून रात्र घालवलेली असते, आणि निघाल्यावर गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली असते. मोठी रक्तवाहिनी अडून झालेल्या झटक्यात उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. अचानक तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर राहीना, बोलणं अडखळलं किंवा भलतंच येऊ लागलं, तर लगेच १०८ ला फोन करायचा, आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहायची, कारण डॉक्टर सगळ्यात आधी तीच विचारतात. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालायचं नाही. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात आणि ते पाणी फुप्फुसात उतरतं. एवढं शिकवायला तासभर पुरतो आणि त्याची मी फी घेत नाही. फक्त सोसायटीच्या वॉचमनना आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना पुढच्या रांगेत बसवा, कारण दुपारच्या वेळी घरात एकट्या असलेल्या आजी-आजोबांच्या जवळ तेच असतात.

आपली,
एक स्पीच थेरपिस्ट
ठाणे (पश्चिम)